रंगोबांची पांढरी चादर

रंगोबांच्या घरात एक गुलाबी चादर होती आणि ती पांढरी होती. आता तुम्ही म्हणाल, हे काय भलतंच? एक तर गुलाबी म्हणा, नाही तर पांढरी म्हणा. पण त्या घराची रीतच तशी होती. लेक बोलायला लागली तेव्हा तिला आधी आई-बाबा म्हणायला शिकवलं आणि लगेच पाठोपाठ हे, की बाबांसमोर त्या चादरीला पांढरी म्हणायचं.

रंगोबा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते ठेवलं स्टुडिओच्या मालकानं, तेही चिडवायला. त्या स्टुडिओत रंगोबा फोटो काढायचे. पासपोर्टचे, लग्नाचे, पदवीची टोपी घातलेले, सगळे काळेपांढरे. "हनुवटी वर, खांदे खाली, हसू नका," हे दिवसभर म्हणून म्हणून त्यांचं तोंड दुखायचं. स्टुडिओ बंद झाला की हा माणूस स्वतःचा कॅमेरा गळ्यात अडकवून रस्त्यावर उतरायचा, आणि त्या कॅमेऱ्यात असायचा रंगीत रोल. त्या काळी रंगीत फोटो म्हणजे साबणाची जाहिरात, नाही तर भिंतीवरचं कॅलेंडर. जाणकार मंडळी नाक मुरडायची. मालक तर तोंडावरच म्हणाला, "अरे, कला म्हणजे काळं-पांढरं! रंग काय, पोपटालाही असतो!"

"असेल साहेब," हे म्हणाले, "पण रस्ताच रंगीत आहे, त्याला मी काय करू?"

मालकानं कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवसापासून "या रंगोबा, बसा रंगोबा" सुरू झालं. नाव असं चिकटलं, की पोस्टमनसुद्धा खालून त्याच नावानं हाक मारायला लागला.

रोल तरी कुठले? कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात मागच्या फळीवर मुदत संपलेले रोल पडून असत, ते हे उचलून आणत. त्यातला कुठला हिरवट निघेल आणि कुठला जांभळट, देव जाणे. दुसरा कुणी वैतागला असता. रंगोबांना उलट मजा वाटायची. "लग्नासारखंच आहे," ते म्हणायचे, "काय निघतंय ते धुतल्यावर कळतं." हे बायकोसमोर म्हणायचे, आणि वर हसायचे.

फोटो काढायला ते लांब कधी गेलेच नाहीत. घर आणि स्टुडिओ यांच्यामधल्या चार गल्ल्या, झालं त्यांचं जग. आणि माणसाचा अख्खा चेहरा म्हणाल तर शपथेला नाही. "दिवसभर हनुवट्याच बघतो, संध्याकाळी तरी नकोत," असं त्यांचं म्हणणं. न्हाव्याच्या दुकानाची वाफ धरलेली काच, त्यामागे नुसता हलणारा पांढरा टॉवेल. अर्धा फोटो भरून दुकानापुढच्या कापडी छपराचा लाल, उरलेल्यात अंधार, आणि अंधाराच्या कोपऱ्यात कुणाची तरी पिवळी पिशवी. पावसाच्या डबक्यात उलटा पडलेला सिग्नल. लोक विचारायचे, "ह्यात माणूस कुठाय?" रंगोबा म्हणायचे, "आत्ताच गेला. तुम्ही उशीर केलात."

बायको स्टुडिओच्याच रस्त्यावर गुंड्या-दोऱ्यांच्या दुकानात काउंटरवर होती, म्हणून ती गुंडीताई. अख्खी गल्ली तिला त्याच नावानं ओळखायची आणि थोडी टरकूनही असायची. तिच्याकडे जाऊन "पांढरा दोरा द्या" म्हणायची सोय नव्हती. "कुठला पांढरा?" ती चष्म्यावरून बघायची. "दुधाचा, चुन्याचा, कागदाचा की हस्तिदंती? कापड आणलंय का? नाही? मग घरी जा आणि कापड घेऊन या." आणि कापड आणलं की दोरा त्यावरच ठेवून बघायची, काउंटरवर नाही. शेजारी काय आहे त्यावर रंग बदलतो, हा तिचा ठाम सिद्धांत. गिऱ्हाईक मुकाट्यानं घरी जायचं आणि कापड घेऊन यायचं.

तर अशा ह्या दोघांच्या घरात ती चादर गुलाबी कशी झाली, ते ऐका.

चादर गुंडीताईच्या आईनं लग्नात दिलेली. जाड सुती, पांढरीशुभ्र, संसारातली एकमेव धड चादर. म्हणून ती अंथरायची नाही, भिंतीवर टांगायची. रंगोबांनी जुन्या बाजारातून एक खोकणारा स्लाइड प्रोजेक्टर आणला होता, त्याचा पडदा म्हणजे ही चादर. मग लेक झाली. गुंडीताईची झोप उडालेली, डोळे उघडे असून काही दिसत नव्हतं, अशा अवस्थेत तिनं कपडे गरम पाण्यात भिजवले. चादरीच्या घडीत बाळाची लाल लोकरी टोपी राहून गेली. ताईनं बोळा पिळून चादर उलगडली आणि तिचे डोळेच पांढरे झाले, कारण चादर काही पांढरी राहिली नव्हती.

भडक गुलाबी नव्हे हं. अगदी फिका. नखाचा असतो ना, तसा. पण सगळीकडे सारखा. ताई न्हाणीच्या उंबऱ्यावर बसली आणि हमसाहमशी रडायला लागली. आईची चादर, ह्यांचा पडदा, पाळण्यात ओरडणारं पोर, दारात दूधवाल्याचा चढलेला आवाज, सगळं एकदमच रडून घ्यायला लागली. तेवढ्यात रंगोबा आले. त्यांनी चादर हातात घेतली. खिडकीशी नेली. उजेडात धरली, उलटी करून पाहिली.

"काय झालं रडायला?"

"गुलाबी झाली हो!"

"कुठे गुलाबी? पांढरीच आहे."

"अहो, नीट बघा!"

"नीटच बघतोय. रंगातला माणूस आहे मी, मला शिकवू नकोस. पांढरी आहे." आणि त्यांनी ती ओलीच भिंतीवर टांगली.

गुंडीताईचं रडणं थांबलं ते आश्चर्यानं. आधी तिला वाटलं, समजूत घालतायत. पण दुसऱ्या दिवशीही हे "पांढरी". शेजारीण म्हणाली, "अगोबाई, नवी गुलाबी चादर?" तर तिच्याशी वाद घालायला उभे राहिले. सासूबाई आल्या, त्यांनाही तेच. लेक बोलायला लागल्या लागल्या बोट दाखवून "गुबाली" म्हणाली, तर तिला मांडीवर घेऊन म्हणतात, "नाही बाळा, पांढरी." एवढ्या ठामपणे माणूस खोटं बोलेल का? नाहीच बोलणार. मग उरलं काय? ह्यांना फिका गुलाबी दिसतच नाही! डोळ्यांवर जगणारा माणूस, रंगासाठी जगाशी भांडणारा, आणि त्याच्याच डोळ्यात ही खोट!

कुणाला सांगणार? गुंडीताईनं तोंडाला कुलूप लावलं. लेकीला जवळ घेऊन बजावलं, पाहुण्यांना दारातच डोळ्यांनी दटावलं, आणि गुलाबी चादर घरात पांढरी होऊन गेली.

रविवारी दुपारी पडदे ओढून स्लाइड लागायच्या. आठवडाभराचे रोल धुऊन आलेले असत. एकेक स्लाइड चादरीवर पडायची, रंगोबा मागे उभे राहून बघायचे, आणि दोनच शब्द बोलायचे. "राहू दे," नाही तर "जाऊ दे." जाऊ दे म्हटलेली बुटांच्या खोक्यात जायची आणि पुन्हा कधी बाहेर यायची नाही. राहिलेल्या स्लाइडींची टिनच्या डब्यांतून घराच्या माळ्यावर नुसती रास झाली. शेजारीपाजारी यायचे, चहा व्हायचा, कुणी घोरायला लागायचं.

त्यातली एक स्लाइड सगळ्यांची लाडकी. हातमोजा. थंडीतली बस, खिडकीची काच धुक्यानं भरलेली, आणि आतून कुणीतरी काच पुसतंय. दिसतो तो फक्त एक हातमोजा आणि त्यानं पुसलेल्या गोलातून कोटाचं एक तांबडं बटण. आता तो हातमोजा फिका गुलाबी होता. पण घरात त्याला म्हणायचे "पांढरा हातमोजा". का, ते तुम्हाला कळलंच असेल. ती स्लाइड लागली की मायलेकी एका सुरात म्हणायच्या, "किती सुंदर पांढरा हातमोजा!" रंगोबा खोकल्याची उबळ आल्यासारखं करून पाणी प्यायला आत जायचे.

अशी वर्षं गेली. स्टुडिओ बंद पडला, मालक देवाघरी गेला, जगातले सगळेच फोटो रंगीत झाले. रंगोबांचे केस पिकले, पण संध्याकाळची फेरी काही चुकली नाही. एकदा हौसेनं एका मासिकाला स्लाइड पाठवल्या होत्या, त्या "छान, पण रंगीत आहेत" अशा शेऱ्यासह परत आल्या. त्यांनी तो शेरा स्वयंपाकघरात चिकटवला आणि महिनाभर चहा पिताना त्याकडे बघून हसले. नाव व्हावं, कुणी हार घालावा, असं त्यांच्या मनात कधी आलं नाही. गुंडीताईच्या मात्र यायचं. ती दोऱ्याची रिळं लावता लावता मनाशी म्हणायची, एकदा, फक्त एकदा, ह्या माणसाचं काम चार भिंतींवर लागलेलं बघू दे. त्यासाठी मी कशालाच मागे हटायची नाही.

आणि ते घडून आलं ते एका दाढेमुळे.

लेक दातांच्या दवाखान्यात कामाला होती. तिथल्या बाकड्यासमोरची भिंत भकास दिसते म्हणून तिनं बाबांच्या तीन स्लाइडींचे फोटो करून लावले होते. एके दिवशी गाल सुजलेली एक बाई आली. एक चष्मा नाकावर, दुसरा डोक्यावर. कण्हत कण्हत बाकावर बसली, समोर पाहिलं आणि कण्हायचं विसरली. नंबर आला तरी उठेना. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "बाई, दाढ काढायची ना?" तर म्हणते, "थांबा हो जरा! हे कुणी काढलेत?" ही चष्मेवाली शहराच्या कलादालनात प्रदर्शनं मांडायची. दाढ काढून झाल्यावर, तोंडात बोळा तसाच धरून, ती लेकीबरोबर थेट घरी आली.

उरलेला सगळा दिवस ती माळ्याखाली बसली. एकेक स्लाइड खिडकीच्या उजेडात धरून भिंगातून बघत होती आणि बोळ्यातून "अयाया" करत होती. शेवटी तिनं बोळा काढला.

"काका, तुम्ही हे रंगात करत होतात तेव्हा दुसरं कुणी असं करत नव्हतं. तुम्हाला माहीत आहे का?"

"करत असतील," रंगोबा म्हणाले. "त्यांच्या बायकांना विचारून बघा, त्यांच्याही माळ्यावर डबे असतील."

मोठं दालन ठरलं. हातमोजा सगळ्यांत पुढे लागणार, हेही ठरलं. गुंडीताईनं दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला बातमी सांगितली आणि त्या आठवड्यात "कुठला पांढरा" हे विचारायचंही विसरली. लोकांनी हायसं वाटून हवे तेवढे दोरे नेले.

आणि मग माशी शिंकली. मोठे करून काढलेले पहिले प्रिंट आले. चष्मेवालीनं मोठ्या कौतुकानं पलंगावर मांडले. रंगोबा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले, आणि म्हणाले, "कुणाचे आहेत?"

"काका, तुमचेच!"

"माझे नाहीत. हे थंड पडलेत."

बरं, म्हातारा माणूस, पहिलीच वेळ. चष्मेवालीनं प्रिंट परत नेले, रंगात थोडी ऊब घालून पुन्हा काढून आणले. रंगोबांनी पाहिलं, मान हलवली. "आता ह्यांना ताप आलाय." पुन्हा नेले, पुन्हा आणले. आता न धड थंड न धड गरम. "आता ह्यांना काही झालेलंच नाही," रंगोबा म्हणाले, "हेच वाईट."

चष्मेवालीनं दोन्ही चष्मे काढून डोळे चोळले. "काका, नेमकं काय हवंय ते तरी सांगा. तसं करून आणते."

रंगोबांनी तोंड उघडलं. एकदा गुंडीताईकडे पाहिलं. आणि मिटलं. "नाही सांगता येत," ते म्हणाले. "राहू दे, बाई. जाऊ दे."

सगळी वर्षं स्लाइडींना म्हटलेले दोन्ही शब्द एकाच दमात.

दालनाच्या साहेबांचा निरोप आला, की आठवडाभरात काय ते सांगा, नाही तर ती जागा काचेच्या फुलदाण्यांना देऊ. रंगोबा म्हणाले, "देऊन टाका. फुलदाण्या बघायलाही लोक येतात." आणि कॅमेरा घेऊन फिरायला निघून गेले. पण त्या दिवशी एकही फोटो न काढता परतले, आणि हे ह्या जन्मात पहिल्यांदा घडत होतं.

गुंडीताईला रोग केव्हाच कळला होता. अहो, उघड आहे! ह्या माणसानं सगळं आयुष्य आपले फोटो त्या गुलाबी चादरीवर पाहिले. जी स्लाइड चादरीवर बोलली ती राहिली, जी मुकी राहिली ती गेली. निवड केली ती जेवढी ह्यांनी तेवढीच चादरीनं. आता तेच फोटो कोऱ्या पांढऱ्या कागदावर बघतायत, मग थंड पडणार नाहीत तर काय! रोग कळला, औषधही कळलं, पण ते पाजायचं कसं? "अहो, चादर गुलाबी आहे आणि तुम्हाला दिसत नाही," असं ह्या वयात, ह्या आठवड्यात, कुठल्या तोंडानं सांगायचं?

"सांगून टाक ना आई," लेक स्वयंपाकघरात कुजबुजली. "प्रदर्शन बुडतंय."

"आणि सांगितल्यावर हा माणूस पुन्हा कॅमेरा उचलेल का? प्रत्येक फोटो काढताना मनात येईल, मला दिसतंय ते खरं की खोटं. नाही बाई. प्रदर्शन गेलं तर गेलं, डोळे जायला नकोत."

"मग?"

"मग काय! त्यांना न सांगता करायचं."

दुसऱ्या दिवशी गुंडीताईनं चादर घडी करून पिशवीत कोंबली, वर हातमोज्याचा डबा ठेवला, "दुकानात माल आलाय" अशी थाप मारली आणि थेट कलादालन गाठलं. चष्मेवालीला एका अंधाऱ्या खोलीत नेऊन चादर टांगायला लावली, तिथल्या प्रोजेक्टरवर स्लाइड लावायला लावली. चष्मेवालीनं दोन्ही चष्मे आळीपाळीनं लावून पाहिलं. काचेवरचं धुकं मऊ झालं होतं. बटण चमकत होतं. हातमोजा असा ऊबदार, की आत हात आहे हे न सांगता कळावं.

"हे... हे आहे होय," चष्मेवाली शेवटी म्हणाली. "पण काकू, मी ऊब घातलीच होती की! दुसऱ्या वेळचे प्रिंट जवळजवळ असेच होते. त्यांना काका ताप आलाय म्हणाले."

"कुठल्या चादरीवर ठेवून दाखवलेत ते?"

"तुमच्याच पलंगावरच्या. पांढऱ्या."

"आणि प्रिंटला कडेनं पांढरी पट्टी. मग ताप येणारच! शेजारी कोरा पांढरा बसला की तो चुगली करणारच. दोरा काउंटरवर ठेवून बघतात का कुणी? कापडावर ठेवायचा असतो." गुंडीताईनं चादरीचा कोपरा ओढून भिंतीला लावला. "पट्ट्या कापा. आणि दालनाच्या भिंती ह्या रंगाच्या करा."

चष्मेवाली भिंतीकडे बघत राहिली, मग चादरीकडे, मग गुंडीताईकडे. "काकू, साहेब मला नोकरीवरून काढतील," ती म्हणाली, आणि रंगाऱ्याला हाक मारायला धावली.

रंगारी मोठा वस्ताद. चादरीचा कोपरा समोर ठेवून त्यानं बादलीत पांढरा ओतला, थेंब थेंब लाल घातला, चिमूटभर पिवळा घातला, फळीवर फासून वाळवलं, पुन्हा घातलं. गुंडीताई मागे उभी राहून "अजून" आणि "पुरे" म्हणत होती. दोघांचं असं काही सूत जुळलं, की दुपारपर्यंत दालनाची एक भिंत झाली. ऊब घातलेल्या प्रिंटच्या पट्ट्या कापून चष्मेवालीनं ते वाळल्या भिंतीवर लावले. आता राहिला सगळ्यांत अवघड भाग, म्हणजे नवऱ्याला तिथे आणणं.

"त्या बाईचे प्रिंट परत न्यायला चला," गुंडीताईनं घरी येऊन सांगितलं. "मला एकटीला उचलत नाहीत." रंगोबा कुरकुरत निघाले. लेकही दवाखान्यातून रजा टाकून आली. गुंडीताईच्या मनात एकच धाकधूक, ह्यांनी विचारलं, भिंत अशी का, तर काय सांगायचं? मग तिला आठवलं, ह्यांना ती पांढरीच दिसणार आहे. जीव जरासा भांड्यात पडला.

रंगोबा दालनात शिरले. दोन पावलं टाकली आणि थांबले.

समोरच्या भिंतीवर लाल छप्पर होतं, न्हाव्याचा टॉवेल होता, उलटा सिग्नल होता, आणि मधोमध हातमोजा. रंगोबा जवळ गेले. मागे आले. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मग एकेका फोटोसमोर उभे राहून हळूच म्हणायला लागले, "राहू दे. राहू दे. राहू दे." हातमोज्यासमोर आले तेव्हा त्यांनी टोपी छातीशी धरून नुसती मान डोलावली. गुंडीताईनं पदरानं डोळे पुसले. लेक उघडउघड रडत होती. चष्मेवालीनं भलताच चष्मा लावून घेतला होता.

आणि नेमकं तेव्हाच रंगारी झाकण वाजवत पुढे आला. "ताई, बाकीच्या तीन भिंतींना रंग मागवायचाय. दुकानाला काय कळवू? फिका गुलाबी?"

गुंडीताईनं रंगाऱ्याकडे डोळे वटारले, मान हलवली, हात हलवले. रंगाऱ्याला काही कळेना. "का? गुलाबीच आहे ना?"

"पांढरा," रंगोबा मागे न वळता म्हणाले.

"काय साहेब, चेष्टा करता? हा पांढरा?"

"गुलाबी आहे हो," रंगोबा म्हणाले, "मला काय डोळे नाहीत? पण आमच्या घरी ह्याला पांढरा म्हणतात."

गुंडीताई हळूच पुढे आली. "म्हणजे... अहो, तुम्हाला दिसत होतं?"

"अगं, ह्या हातमोज्यासाठी थंडीत कुडकुडत बसमागून बस सोडत होतो मी! तो गुलाबी दिसला म्हणूनच ना? तुम्ही मायलेकी पांढरा पांढरा म्हणून गळा काढायच्या आणि मला हसू आवरायचं नाही, म्हणून तर पाणी प्यायला पळायचो. मला वाटायचं, माझी फिरकी घेताय."

"मग त्या दिवशी पांढरी कशाला म्हणालात?"

"तू रडत होतीस," रंगोबा म्हणाले. ते आता वळले होते. "एवढीशी पोर घेऊन रात्र रात्र जागणारी बाई न्हाणीत बसून चादरीसाठी रडतेय, तिला काय सांगायचं, हो, गुलाबी झाली म्हणून? पांढरी म्हटलं. आणि तू थांबलीस. एकदा म्हटलं ते म्हटलं. फिरवलं असतं तर तुला वाटलं असतं, मनातून रागावलोय."

"आणि प्रदर्शन? ते सोडून द्यायला निघाला होतात!"

"मग काय चार लोकांत त्या बाईला सांगू, की माझ्या बायकोनं चादरीची वाट लावली आणि मला सगळं त्याच चादरीवर आवडतं? बसल्या जागी रडली असतीस पुन्हा."

"आणि मी," गुंडीताईचा आवाज चढला, "मी इतकी वर्षं समजत होते, की तुम्हाला दिसतच नाही! पाहुण्यांना दारात गप्प करत होते! तुमच्या डोळ्यांना कुणी नाव ठेवू नये म्हणून ह्या पोरीला खोटं बोलायला शिकवलं मी!"

रंगोबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे तुम्ही दोघी मला आंधळा समजत होता?"

"थोडेसेच, बाबा," लेक म्हणाली.

रंगोबांना असं हसू फुटलं, की ते रंगाऱ्याच्या शिडीच्या पायरीवरच बसले आणि पँटच्या बुडाला पायरीवरचा ओला रंग लागला. ताईही हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. रंगोबा घाबरून उठले. "बघ! म्हणूनच सांगत नव्हतो!"

"गप्प बसा हो," ती म्हणाली, "हे वेगळं रडणं आहे." आणि सगळ्यांसमोर, चष्मेवालीसमोर, रंगाऱ्यासमोर, तिनं त्यांचा हात घट्ट धरून ठेवला.

रंगारी मात्र कामाचा माणूस. तो डबा घेऊन तसाच उभा. "साहेब, झाकणावर काय लिहू ते सांगा. नुसतं पांढरा लिहिलं तर दुकानवाला चुन्याचा पाठवेल. तो विचारणार, कुठला पांढरा?"

"बरोबर विचारेल," गुंडीताई सवयीनं म्हणाली.

रंगोबांनी उरलेल्या हातानं खडू घेतला, पायरीवर टेकून डब्याचं झाकण गुडघ्यावर ठेवलं, आणि पासपोर्ट फोटोंच्या पाकिटांवर नावं घालायचे त्या वळणदार अक्षरांत लिहिलं, "गुंडीताईंचा पांढरा".